लोहाराचं पाणी आणि पडद्यावरचे अणू

मृग तोंडावर आला की बुलढाण्याच्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे इथे लोहाराच्या भट्टीपुढे वखराच्या पासा, कुदळी, विळे, कुऱ्हाडी यांचा ढीग पडतो. भाता आता हाताचा राहिलेला नाही, विजेचा पंखा कोळसे फुलवतो. बाकी काम तेच. ट्रकच्या जुन्या पाट्यातून काढलेली पास लालभडक होते, ऐरणीवर येते, घणाखाली तिची कड पातळ होत जाते. खरी गंमत त्यापुढे. पास पुन्हा तापवून लोहार तिची धारेकडची बोटभर कड तेवढी पाण्यात बुडवतो. चर्र आवाज होतो. लगेच बाहेर काढून ती दगडावर घासतो, कड उजळ करतो आणि डोळे बारीक करून बघत राहतो. मागच्या अंगात उरलेली उष्णता हळूहळू कडेकडे सरकते आणि उजळ पोलादावर आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळी झाक चढत जाते. हवा तो रंग धारेला पोचला की अख्खी पास पाण्यात. याला म्हणायचं ‘पाणी देणं’. पाणी जास्त झालं तर दगडाला लागून धार काचेसारखी उडते, कमी झालं तर एका पाळीतच बोथट होते.

माझी बहीण या गावात दिलेली. तिची मुलगी दहावीला आहे, आणि दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात आठवा धडा ‘धातुविज्ञान’ हाच आहे. तिला तन्यता आणि वर्धनीयता यांच्या व्याख्या पाठ आहेत, बॉक्साईटपासून ॲल्युमिनिअम कसं काढतात त्याची आकृती ती डोळे मिटून काढते, धातूंच्या क्रियाशीलतेचा क्रम घडाघडा म्हणते. पण तापवलेलं पोलाद पाण्यात बुडवलं की कडक का होतं, आणि तोच प्रयोग साध्या पत्र्यावर केला तर काहीच का होत नाही, हे तिच्या पुस्तकात नाही. पुस्तकाचा दोष म्हणून सांगत नाही. शालेय रसायनशास्त्राची वाट खनिजातून धातू काढण्यापाशी संपते. धातू हातात आल्यावर त्याचं पुढे काय होतं, ते दुसऱ्या शास्त्राचं काम. त्या शास्त्राला मराठीत अजून धड नावही नाही.

नावाची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण अडचण तिथूनच सुरू होते. ‘पदार्थविज्ञान’ हा शब्द आपण फिजिक्ससाठी कधीचाच खर्च करून टाकला. आता मटेरिअल्स सायन्सला कोणी द्रव्यविज्ञान म्हणतं, कोणी सामग्रीविज्ञान. मला द्रव्यविज्ञान बरं वाटतं, म्हणून इथे तेच वापरतो. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: वस्तू कशाची आहे एवढ्यावर तिचा स्वभाव ठरत नाही, आतली रचना कशी आहे आणि ती रचना होईपर्यंत तिच्यावर काय काय संस्कार झाले, यावर ठरतो. लोहाराची पास पाण्यात बुडवण्याआधी आणि नंतर रासायनिक दृष्ट्या तीच असते, तेवढंच लोखंड, तेवढाच कार्बन. बदलते ती आतली मांडणी. शालेय विज्ञानात ‘कशाचं बनलं आहे’ याला भरपूर जागा आहे. ‘कसं मांडलं आहे’ याला जवळजवळ नाही.

आणि ही मांडणी डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच संगणकाचा पडदा या विषयात नुसत्या शोभेचा राहत नाही. बेडकाचं हृदय, पानाचा छेद, विजेचं मंडल हे शाळेत कसंबसं का होईना दाखवता येतं. पोलादाच्या आत कार्बनचा अणू लोखंडाच्या जाळीत कसा अडकतो, ते दाखवायला मात्र पडदाच लागतो. तेव्हा प्रश्न असा: माध्यमिक शाळेतल्या मुलांना हे दाखवणारी, त्यांना स्वतः चाळे करू देणारी कोणती साधनं आज आहेत, आणि त्यांतली किती मोताळा तालुक्यातल्या मुलीच्या हातात पोचतील?

गावाकडे ‘डिजिटल शाळा’ म्हणून जे आलं त्याची वाट आधी ठाऊक असलेली बरी. एक पिढी अशी गेली की गावात संगणक म्हणजे एमएस-सीआयटीचा वर्ग. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा हा अभ्यासक्रम खेडोपाडी पोचला आणि माऊस धरायला शिकण्याचं एक दडपण त्याने घालवलं, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. मग शाळांत प्रोजेक्टर आले, लोकवर्गणीतून टीव्ही आले, आणि त्यांच्याबरोबर ‘इंटरॲक्टिव्ह’ असं खोक्यावर छापलेले पेनड्राइव्ह. असा एक संच मी पाहिला आहे. धडा उघडायचा, बाईंचा आवाज पुस्तकातलंच वाक्य वाचतो, चित्र हलतं, खाली ‘पुढे’ असं बटण. ते दाबायचं. मुलाच्या हातात फक्त ‘पुढे’ आणि ‘मागे’. याला इंटरॲक्टिव्ह म्हणायचं तर दारावरची कडीसुद्धा इंटरॲक्टिव्ह म्हणावी लागेल.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडने थोडा फरक पडला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी ही कल्पना वर्गात वापरली, पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१७ पासूनचं केंद्राचं दीक्षा ॲपही त्याच वाटेवरचं. पण कोड स्कॅन केल्यावर समोर येतो तो बहुतेक वेळा व्हिडिओ. चांगला व्हिडिओ वाईट नसतोच. फक्त त्यात मुलाला ‘असं केलं तर काय होईल?’ हे विचारता येत नाही. कार्बनचं प्रमाण वाढवून बघता येत नाही, पाण्याऐवजी राखेत गार करून बघता येत नाही. द्रव्यविज्ञानात तर असे चाळे हाच अभ्यास आहे.

चाळे करू देणाऱ्या साधनांत पहिलं नाव फेटचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात, २००१ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सिम्युलेशनं फुकट, डाउनलोड करून ठेवली की इंटरनेट नसतानाही चालणारी, आणि त्यांतली कित्येक मराठीतही उतरलेली. उन्हाळ्यात भाचीच्या फोनवर ‘पदार्थाच्या अवस्था’ उघडून दिली आणि मी चहा प्यायला बसलो. फेटच्या रचनेतली हुशारी अशी की सूचना जवळजवळ नसतातच. डबा आहे, खाली तापवायचं-गार करायचं बटण आहे, वर झाकण, बाजूला पंप. तिने निऑन घेतला, पार गारठवला, कण ओळीत बसले. मग एकदम तापवलं, पंप मारत सुटली, झाकण उडालं. ती हसली, पुन्हा केलं, पुन्हा उडालं. तिसऱ्या वेळी झाकण न उडता किती कण मावतात ते बघायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. तेवढ्या पाच मिनिटांत दाब, तापमान, आकारमान हे तीन शब्द तिच्या बोटाखालून गेले.

मग तिने मला कोंडीत पकडलं. डब्यात घ्यायला पर्याय होते निऑन, अरगॉन, ऑक्सिजन, पाणी. “मामा, यात लोखंड कुठं आहे?”

नव्हतं. फेटचं हे सिम्युलेशन अवस्थांसाठी आहे, द्रव्यविज्ञानासाठी नाही. त्याच्याकडून लोखंडाची अपेक्षा करणं अन्याय होईल. पण तिचा पुढचा प्रश्न जास्त खोल होता. ऑक्सिजनचे गोळे एका रंगाचे, निऑनचे दुसऱ्या. म्हणजे सोन्याचा अणू पिवळा असतो का? आणि तांब्याचा अणू ठोकला तर चपटा होतो का?

या प्रश्नाला संशोधनात जुनी वंशावळ आहे. १९८६ साली इस्रायलमधल्या बेन-त्स्वी, आयलॉन आणि सिल्बरस्टाइन या संशोधकांनी थेट हाच प्रश्न शीर्षकात घालून लेख लिहिला: तांब्याचा अणू वर्धनीय असतो का? त्यांना असं दिसलं की तांब्याच्या तारेचे गुण कित्येक मुलं तांब्याच्या एकेका अणूला चिकटवतात. तार लाल, तर अणू लाल. तार वाकते, तर अणू वाकतो. ग्लासगोचे अलेक्स जॉनस्टन यांनी रसायन शिकवण्यातली अडचण तीन टोकांच्या त्रिकोणात मांडली: हाताला लागणारी वस्तू, न दिसणारे कण, आणि कागदावरची चिन्हं. मास्तर एका वाक्यात तिन्ही टोकांवर उडी मारतो, पोर मध्येच पडतं. रंगीत गोळ्यांचं सिम्युलेशन न दिसणाऱ्या टोकाला नेऊन सोडतं, पण परत तारेपाशी आणत नाही. वर गोळ्यांना रंग देऊन जुना गैरसमज पक्का करण्याचा धोका आहेच.

यावर एक गोष्ट नोंदवायलाच हवी, कारण ती माझ्या मताच्या विरुद्ध जाते. कोलोरॅडोमध्येच नोआ फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली विद्युतमंडलांवर एक तुलना प्रसिद्ध केली. एका गटाला खऱ्या तारा आणि बल्ब, दुसऱ्याला सिम्युलेशन. पुढे कल्पना समजण्याच्या कसोटीत आणि चक्क खरं मंडल जोडण्यातही सिम्युलेशनवाले पुढे निघाले. खऱ्या प्रयोगात तारेची खराब जोडणी, तारेच्या आवरणाचा रंग असल्या बिनकामाच्या गोष्टी लक्ष खातात. सिम्युलेशनमध्ये जे दिसायला हवं तेवढंच दिसतं. तेव्हा ‘हाताने केलं तरच कळतं’ हे आपलं आवडतं वाक्य आंधळेपणाने म्हणू नये. मात्र विजेच्या मंडलात जी खराब जोडणी बिनकामाची, तशीच खराबी द्रव्यविज्ञानात मुख्य विषय असते, आणि इथे तुलना तुटते.

ते कसं? लोखंडाचे अणू अगदी शिस्तीत, एकही चूक न करता रांगेत बसले असते तर हिशेबाप्रमाणे ते आहे त्यापेक्षा शेकडो पटींनी मजबूत निघालं असतं. प्रत्यक्षात ते सहज वाकतं, कारण रांगांत चुका आहेत. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी वेगवेगळं बसून एकच उत्तर दिलं: स्फटिकात मध्येच एखादी अर्धवट रांग घुसलेली असते आणि ताण पडला की ती चूक सरकत सरकत कडेला जाते. लग्नाच्या मांडवातली लांबच लांब सतरंजी एका दमात ओढून बघा, हलत नाही. एका टोकाला सुरकुती पाडा आणि सुरकुती पायाने पुढे ढकलत न्या. सतरंजी बोटभर सरकते आणि दम लागत नाही. धातू वाकतो तो असा. आणि लोहार पाणी देतो म्हणजे काय करतो, तर सुरकुतीच्या वाटेत दगड टाकतो.

तापवल्यावर लोखंडाची जाळी अशी बदलते की तिच्यात कार्बनच्या अणूंना बसायला जागा होते. सावकाश गार केलं तर जाळी पुन्हा बदलताना कार्बन बाहेर पडायला वेळ मिळतो. तो लोखंडाबरोबर वेगळ्या थरांत जाऊन बसतो, पास नरम राहते. पाण्यात बुडवलं तर वेळच मिळत नाही. कार्बन जिथल्या तिथे अडकतो, जाळी ताणली जाते, आणि सुरकुती सरकायचं नाव घेत नाही. कडक, पण ठिसूळ. अडॉल्फ मार्टेन्स या जर्मन माणसाच्या नावावरून या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. मग मागची उष्णता धारेकडे येते, थोडा कार्बन सुटतो, ठिसूळपणा उतरतो, चिवटपणा येतो. लोहार बघत बसतो त्या पिवळ्या-जांभळ्या झाका म्हणजे पृष्ठभागावरच्या ऑक्साइडचा वाढता थर. त्याचं थर्मामीटर तेच. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास असतो, साध्या पत्र्यात त्याहून कितीतरी कमी. पत्र्यात अडकायला कार्बनच नाही, म्हणून त्याला कितीही पाणी दिलं तरी तो पत्राच राहतो.

हे मुलांच्या हाताला लागेल असं दाखवणारं सॉफ्टवेअर आहे का? आहे, पण वरच्या मजल्यावर. केंब्रिज विद्यापीठाच्या द्रव्यविज्ञान विभागाचं डूइटपॉम्स नावाचं भांडार फुकट आहे, सुंदर आहे, धातूंच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांचा त्यात खजिना आहे. पण ते पदवीच्या मुलांसाठी आणि इंग्रजीत. त्याच केंब्रिजचे मायकेल ॲशबी यांनी सगळ्या द्रव्यांना एका नकाशावर बसवलं: आडव्या अक्षावर घनता, उभ्या अक्षावर ताकद, आणि लाकूड, धातू, प्लास्टिक, माती आपापल्या फुग्यांत. त्यावर ग्रांटा एज्युपॅक हे सॉफ्टवेअर उभं राहिलं. कॉलेजं ते विकत घेतात. आपल्या माध्यमिक शाळांनी त्याच्या किमतीचा विचारही करू नये. अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड कन्सोर्शियमचं मॉलिक्युलर वर्कबेंच शाळेच्या जास्त जवळचं: अणू टाका, बंध जोडा, तापवा, ओढा, बघा. आणि पोलाद उद्योगाच्या जागतिक संघटनेचं स्टील युनिव्हर्सिटी तर भट्टीच चालवायला देतं, दरसाल स्पर्धा घेतं. पण तिथे खेळणारी पोरं इंजिनिअरिंगची.

या सगळ्या वाड्याच्या अंगणात एक मसणवटही आहे, तिच्याकडे न बघता पुढे जाता येत नाही. जुन्या शैक्षणिक सिम्युलेशनांचा मोठा भाग फ्लॅशवर किंवा जावाच्या ॲप्लेटवर लिहिलेला होता. ब्राउझरांनी आधी जावा बंद केलं, आणि ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. ज्यांच्याकडे पैसा आणि माणसं होती, जसं फेट, त्यांनी एकेक करून पुन्हा लिहून काढलं. बाकीच्यांची पानं अजून उघडतात, मध्ये राखाडी चौकोन दिसतो. आपल्याकडच्या शाळांना विकलेल्या सीडींचं काय झालं असेल, याची कल्पना करा. ऐरण तीन पिढ्या चालते. सॉफ्टवेअर दहा वर्षं.

भारतातलं चित्र अगदीच रिकामं नाही. सी-डॅक मुंबई आणि अमृता विश्वविद्यापीठम् यांनी मिळून केलेल्या ओलॅब्जमध्ये नववी ते बारावीचे प्रयोग आहेत, काही मराठीतही. लोखंडाचा खिळा मोरचुदाच्या द्रावणात टाकून क्रियाशीलता बघणं वगैरे तिथे करता येतं. पण ते प्रयोगशाळेच्या वहीचंच पडद्यावरचं रूप आहे: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण. चुकायला जागा कमी. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज प्रकल्पात पुण्याचं सीओईपीही आहे, पण तोही अभियांत्रिकीचा मजला. अटल टिंकरिंग लॅब ज्या शाळांना मिळाली त्यांना वीस लाखांपर्यंत अनुदान आलं, थ्रीडी प्रिंटर आले. प्लास्टिकची तार वितळून थर चढताना बघणं हा द्रव्यविज्ञानाचा उत्तम धडा होऊ शकतो. मी पाहिलं त्या ठिकाणी प्रिंटरवर प्लास्टिकचं आवरण घातलेलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

मुंबईच्या देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, तिथून जवळच मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. क्लिक्स नावाचा मोठा प्रकल्प या परिसरातून एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्सच्या साथीने उभा राहिला. सरकारी माध्यमिक शाळांच्या संगणक कक्षांत, इंटरनेटची वाट न बघता, शाळेतल्याच सर्व्हरवर चालणारी साधनं त्याने दिली. राज्यं कोणती? राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा, मिझोराम. भाषा इंग्रजी, हिंदी, तेलुगू. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि हेच होमी भाभा केंद्र सत्तरच्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला येऊन खेड्यातल्या शाळांत विज्ञान कसं शिकवावं याचे प्रयोग करत होतं. खिरोदा धामणगावहून काही फार लांब नाही. संस्थापक संचालक व्ही. जी. कुलकर्णी यांच्या काळात तिथल्या मंडळींनी एक मुद्दा सोडला नाही: विज्ञान अवघड नसतं, पुस्तकाची मराठी अवघड असते. आजच्या सॉफ्टवेअरनाही तो लागू आहे. मराठीत उतरवलेल्या कित्येक पडद्यांवर ‘कठिणता’, ‘दृढता’, ‘प्रत्यास्थता’ असे शब्द येतात. चिवट आणि ठिसूळ हे दोन शब्द मात्र पोरं शाळेत यायच्या आधीपासून जाणतात, आणि अर्धं द्रव्यविज्ञान त्या दोन शब्दांच्या मध्ये आहे.

पडद्याशिवाय काय काय होतं तेही या आढाव्यात यायला हवं, कारण आपला खरा वारसा तिकडचा आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं होशंगाबाद विज्ञान हा शाळांतला उपक्रम चालला. अरविंद गुप्तांनी तिथेच सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून चौकोन, त्रिकोण, घन करायला शिकवलं. पुढे पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ते घरोघर पोचलं. चौकोन बोटाने ढकलला की पडतो, त्रिकोण पडत नाही. स्फटिकाच्या जाळीचा याहून स्वस्त नमुना मला माहीत नाही. पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेची मुलं अँगल कापतात, वेल्डिंग करतात, फेरोसिमेंटचे पत्रे ओततात. कोणी त्याला द्रव्यविज्ञान म्हणत नाही. आहे मात्र तेच.

एक प्रयोग मला सगळ्यांत लाडका आहे, आणि त्याला मी खुशाल सॉफ्टवेअर म्हणतो. १९४७ साली लॉरेन्स ब्रॅग आणि जॉन नाय यांनी साबणाच्या पाण्यावर एकाच आकाराचे बारीक बुडबुडे तरंगवले आणि स्फटिक कसा वागतो ते त्यात दाखवलं. घरी करायला पसरट ताट, पाणी, भांड्यांचं लिक्विड, चमचाभर ग्लिसरीन, माशांच्या टाकीचा छोटा पंप आणि त्याच्या नळीला इंजेक्शनची सुई लागते. बुडबुडे एकमेकांना चिकटून मधाच्या पोळ्यासारखे ओळीत बसतात. मग दिसतं की काही ठिकाणी ओळी एका दिशेला, काही ठिकाणी दुसऱ्या, मध्ये हद्द. कुठे एक बुडबुडा गहाळ. कुठे अर्धवट रांग. दोन पट्ट्यांनी दोन्ही बाजूंनी ढकललं की ती चूक सर्रकन धावते. सुरकुती! भाचीने हे केलं तेव्हा तिने फोनवर त्याचा व्हिडिओ काढला आणि सावकाश करून पुन्हा पुन्हा बघितला. फोनचा इतका चांगला उपयोग त्या आठवड्यात दुसरा झाला नसावा. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ २०२४ अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांबद्दल आहे की आठवड्यात ५७ टक्क्यांनी फोन अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी वापरला, आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन पोचला आहे. त्यावर बघण्यासारखं काय द्यायचं, एवढंच उरलं आहे.

बुलढाणा जिल्ह्यात तर या विषयाची सामग्री पायाखाली पडली आहे. लोणारचं विवर सगळ्यांना उल्केसाठी आणि सरोवरासाठी माहीत. पण काळ्या बसाल्टवर तो घाव बसला तेव्हा दगडातल्या फेल्डस्पारची, म्हणजे नीट मांडलेल्या स्फटिकाची, धक्क्याने जागच्या जागी काच झाली. घटक तेच, मांडणी विस्कटलेली. तिला मास्केलिनाइट म्हणतात, आणि बसाल्टातलं इतकं चांगलं जपलेलं विवर पृथ्वीवर क्वचितच असल्यामुळे चंद्राचा अभ्यास करणारे तिथे येतात. खामगावात चांदीचं काम करणारा कारागीर तार ओढत जातो, तार कडक होत जाते, मग तो ती तापवून पुन्हा नरम करतो. सुरकुत्या एकमेकींत अडकल्या, उष्णतेने सुटल्या. शेजारच्या जालन्यात भंगार वितळवून सळया निघतात. टीएमटी सळई आज प्रत्येक घराच्या बांधकामावर पडलेली असते, आणि तिचं गुपित ऐकलं तर हसू येईल: लाल सळईवर पाण्याचे फवारे मारून बाहेरचा थर कडक करतात, मग आतल्या गाभ्यात उरलेली उष्णता बाहेर येऊन त्या थराचा ठिसूळपणा उतरवते. लोहार बोटभर कड बुडवून जे करतो ते गिरणीत फवारा करतो, शेकडो टनांवर.

हे सगळं एका धाग्यात गोवणारं मराठी सॉफ्टवेअर माझ्या पाहण्यात नाही. व्हावं असं वाटतं, आणि ते फार मोठं असायची गरज नाही. साध्या फोनवर, नेट नसताना, काही एमबीत मावणारं. शाळेत एकच टीव्ही असेल तर तीस पोरांना मिळून खेळता येईल असं. पडदा उभा दुभागलेला: एका अर्ध्यावर पास, दुसऱ्या अर्ध्यावर तिच्या आतली जाळी, आणि एकाला हात लावला की दुसरं हललंच पाहिजे, म्हणजे पोर तारेवरून अणूवर आणि अणूवरून तारेवर ये-जा करेल. कार्बन कमीजास्त करायचा, किती तापवायचं, कशात बुडवायचं, कुठल्या रंगावर काढायचं हे मुलाने ठरवायचं. आणि पास मोडलीच पाहिजे. दहापैकी सात वेळा मोडावी. ‘पुढे’ बटण नसावं. अणूंना रंग द्यावे लागले तर द्या, पण एकदा तरी रंग बदलायची सोय ठेवा, म्हणजे तो रंग अणूचा नाही, आपण दिलेला आहे हे कळेल. आणि सॉफ्टवेअर उघडं असू दे, कोणालाही दुरुस्त करता येईल असं, नाहीतर दहा वर्षांनी तोच राखाडी चौकोन.

ॲशबीच्या नकाशासाठी तर सॉफ्टवेअरही नको. एका दुपारी आम्ही बाभळीचा, सागाचा, बांबूचा, पत्र्याचा, विटेचा आणि जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तुकडा जमवला, किराणा दुकानाच्या काट्यावर वजन केलं, भांड्यातलं पाणी किती चढतं त्यावरून आकारमान काढलं आणि वहीच्या चौकोनी कागदावर बसवलं. नांगर बाभळीचा आणि दार सागाचं का, यावर मेहुण्यांनी पाऊण तास भाषण दिलं, ते वेगळं.

निघायच्या आदल्या रात्री आम्ही गॅसपाशी बसलो. बहिणीच्या चार काळ्या केसपिना, एक पक्कड, एक वाटी पाणी. पहिली तशीच ठेवली. दुसरी लाल करून गरम राखेत पुरली. तिसरी लाल करून थेट पाण्यात टाकली. चौथी पाण्यात टाकून, पुसून, उजळ करून, मग ज्योतीच्या वर लांबून धरली, निळसर झाक येईपर्यंत. सकाळी भाचीने एकेक वाकवली. राखेतली शिशासारखी वाकली आणि तशीच वाकडी राहिली. पाण्यातली दोन्ही बोटांत धरताच कट्कन मोडली. तुकडा कुठे उडाला तो सापडलाच नाही. निळी वाकली आणि परत आली. त्या चारही, म्हणजे साडेतीन, तिने कंपासपेटीत घातल्या आणि वखराची पास आणायची होती म्हणून भावाबरोबर लोहाराकडे गेली. दुपारी परत आली तेव्हा तिच्याकडे एक प्रश्न होता. लोहार म्हणाला होता की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो वेगवेगळं पाणी वापरतो, आणि कधी कधी तेलही. “मामा, तेल का?”

बसची वेळ झाली होती. उत्तर मी रस्त्यातून फोनवर दिलं. मोताळ्याच्या पुढे रेंज गेली, म्हणून अर्धंच पोचलं.